शिंग, तात आणि सरस : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या, शिंगापासून धनुष्य कसं घडवतात यावर दोन पानं लिहिली होती. शिंगाची पट्टी काढायची, तिच्या पाठीवर जनावराची तात बसवायची आणि मग वाट पाहायची, एवढंच त्यात मावलं. बरंच सांगायचं राहून गेलंय हे लिहितानाच जाणवत होतं. पत्रं उघडल्यावर दिसलं, की नेमकं तेच वाचकांनी हेरलंय. तीन-चार जणांनी विचारलेले प्रश्न आधी घेते. ज्यांनी मागचा अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी : मी पंचवीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि क्राउन बनवले. धनुष्यं गेली अठरा वर्षं करते आहे. शिंगाची आजवर अकरा केली, त्यातली सात टिकली. चार मोडली, आणि मला जे काही समजलंय त्यातलं बरंचसं त्या चारांनी शिकवलंय.

ताई, बैलाचं शिंग आम्ही जन्मभर पाहतोय. तापवलं की ते मऊ पडतं, चपटं होतं, त्याचे कंगवे होतात. पण हरणाचं शिंग त्याहून टणक. ते वाकून परत सरळ होतं म्हणता, हे काही पटत नाही. — एक शेतकरी वाचक

तुमची शंका रास्त आहे आणि ती एका शब्दामुळे उभी राहिली आहे. मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना ‘शिंग’ म्हणतो.

बैल, म्हैस, बोकड, काळवीट यांच्या डोक्यावर आत हाडाचा खुंट असतो आणि त्याच्यावर एक पोकळ टोपण चढलेलं असतं. ते टोपण म्हणजे केराटिन. आपली नखं आणि जनावराचे खूर ज्याचे बनतात तेच. ते जन्मभर वाढतं, त्याला फांद्या फुटत नाहीत आणि ते गळत नाही. उष्णतेनं ते मऊ पडतं, म्हणून तुम्ही म्हणता तसे कंगवे होतात. चितळ, सांबर, कॅरिबू यांचं शिंग म्हणजे मात्र आरपार हाड. ते मखमली कातडीखाली, रक्तावर पोसून वाढतं. वाढ पूर्ण झाली की कातडी सुकून सोलली जाते, उघडं हाड उरतं, हंगाम संपला की ते गळतं आणि पुन्हा नवं येतं. मी पहिल्यांदा त्याला करवत लावली तेव्हा जो वास आला तो मला पाठ होता. दाताला ड्रिल लागल्यावर येतो, तोच. त्या वासावरूनच उमगलं, की याच्याशी नखासारखं नाही, दातासारखं वागायला हवं. म्हणजे पाणी मारत कापायचं, तापू द्यायचं नाही, आणि नाकावर मास्क असल्याशिवाय कानस हातात घ्यायची नाही. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, एवढं माझं सगळ्यांनीच ऐका.

आता हाड असूनही ते वाकतं कसं? गाईच्या मांडीच्या हाडात खनिजाचा वाटा सुमारे 67 टक्के असतो, लाल हरणाच्या शिंगात सुमारे 59. फरक आठच टक्क्यांचा वाटतो. पण ते शिंग मोडायला त्या हाडाच्या साडेतीन पट ऊर्जा खर्ची पडते. खनिज कमी म्हणून कडकपणा कमी, आणि चिवटपणा कितीतरी जास्त. माजावर आलेले नर एकमेकांना शिंगं भिडवतात, ती टक्कर सोसायलाच ते बनलंय. मांडीचं हाड वजन पेलण्यासाठी, शिंग धक्का खाण्यासाठी.

तरीही नुसत्या शिंगाचं धनुष्य करू नका. धनुष्य ओढलं की त्याचं पोट, म्हणजे तुमच्याकडची बाजू, दाबली जाते. पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते. दाब शिंग आनंदानं सोसतं. ताण फार झाला तर पाठीवर एक केसाएवढी चीर पडते आणि पुढचं सगळं क्षणात होतं. म्हणून पाठीवर तात. लाकूड स्वतःच्या लांबीच्या साधारण एक टक्का ताणलं की तुटायला येतं. जनावराची कंडरा आठ टक्क्यांपर्यंत जाते. पोटाला शिंग आणि पाठीला तात, ही जोडी त्या हिशेबातून आली आहे.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंगापासून झालं ते शार्ङ्ग. शार्ङ्गधर हे नाव आपण घेतो तेव्हा शिंगाचं धनुष्य धरणाराच म्हणत असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही धनुष्याच्या साहित्यात ताड, बांबू आणि लाकूड यांच्या शेजारी शिंग आहे. दोरीच्या साहित्यात मूर्वा, रुई, ताग यांच्याबरोबर ‘स्नायू’ आहे. तिथलं शिंग बहुधा तुमच्या ओळखीचं, म्हशीच्या जातीचं असावं असं मला वाटतं, कारण आशियातली जोडधनुष्यं त्याचीच असत : पोटाला केराटिनची पट्टी, मधे लाकूड, पाठीला तात. हरणाच्या शिंगाचं धनुष्य ही मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या लोकांची विद्या. तेव्हा बैलाच्या शिंगाबद्दल तुम्ही म्हणता ते खोटं नाही, तो नुसता वेगळा माल आहे.

तात म्हणजे आतड्याची ना? पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची ती? आणि सरस मी चाळीस वर्षं वापरला, तो उकळता लावला तरच धरतो असं आम्हाला शिकवलं. तुम्ही ‘कोमट’ लिहिलंय. छपाईची चूक आहे का? — निवृत्त सुतारकाम शिक्षक

सर, छपाईची चूक नाही. तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, कारण या कामाचं मर्म तुम्ही विचारलंत.

आधी तातेचं. धनुकलीची तात आतड्याची, बरोबर. शब्द मात्र दोन्हींना चालतो, आतड्याच्या दोरीला आणि शिरेच्या दोरीला. इथे वापरतात ती कंडरा, मांसाला हाडाशी जोडणारी. शाळेच्या पुस्तकात आज ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी असं असतं, पण जुन्या संस्कृत ग्रंथात तो शब्द या चिवट दोरीसाठी येतो. दोन ठिकाणची कंडरा उपयोगी. एक मागच्या पायाची, टाचेच्या वरची. ती जाड आणि वीतभर-दीडवीत. दुसरी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारी चपटी पट्टी. ती लांब असते, दोरी वळायला आणि गुंडाळायला ती राखून ठेवायची. धनुष्याच्या पाठीवर मी पायाचीच घालते.

ताजी कंडरा पांढरी, ओली, बोटाएवढी जाड असते. मांस खरवडून सावलीत टांगली की आठ-दहा दिवसांत ती मधाच्या रंगाची, अर्धपारदर्शक, काठीसारखी कडक होते. टेबलावर आपटली तर टक्‌ आवाज येतो. मग गुळगुळीत लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायची. लोखंडी हातोडी नको, तिची धार तंतू कापते. पन्नासेक घाव झाले की मधाचा रंग जातो, कंडरा पांढुरकी होते आणि टोकाला फुलते, ब्रशचे केस फुलावेत तशी. तिथून दोन्ही हातांच्या बोटांनी फाडत जायचं. आधी चार फाळके, मग आठ, मग सुतळीएवढे, मग शिवायच्या दोऱ्याएवढे. कितीही फाडा, आत आणखी बारीक तंतू निघतच राहतात. माझ्या तीन फुटी धनुष्याला सव्वाशे ग्रॅम तयार तंतू लागतात, म्हणजे दहा-बारा कंडरा. ते काम मी चार संध्याकाळींत पसरते, कारण दोन तासांनंतर अंगठ्याच्या नखाखालचं कातडं सोलायला लागतं. मग कोमट पाण्यात साबण घालून धुवायचं. चरबी राहिली तर सरस धरत नाही.

आता सरस. तुम्हाला ठाऊकच आहे, तरी इतरांसाठी लिहिते. सरस म्हणजे कातडी आणि कंडरा पाण्यात मुरवून काढलेला डिंक. म्हणजे तात आणि सरस ही एकाच द्रव्याची दोन रूपं आहेत, दोन्ही कोलॅजन नावाचं प्रथिन. एक अजून दोरीच्या रूपात, दुसरं विरघळलेलं. म्हणून ते एकमेकांत इतके मिसळतात, की वाळल्यावर थर वेगळे दाखवता येत नाहीत.

पण त्यातच धोकाही आहे. तंतू विरघळून सरस होतो तो उष्णतेनं आणि पाण्यानं. ओली कंडरा साठ-पासष्ट अंशांच्या आसपास गेली की तिची वीण उलगडते आणि ती आक्रसते. हे मी वाचलेलं होतं. लॅबमध्ये मेणाच्या भांड्याचं तापमान दर तासाला तपासायची सवयही होती. तरी तिसऱ्या धनुष्याच्या वेळी थर्मामीटर न लावता, हाताला सोसतंय असं समजून मी तंतूंची पहिली जुडी सरसात बुडवली. वीस सेंटिमीटरची जुडी माझ्या बोटांत डोळ्यांदेखत आखडली, दहावर आली, रबरासारखी लिबलिबीत झाली. बुडवायला काढलेल्या सहा जुड्यांपैकी चार त्या मिनिटात गेल्या. चार संध्याकाळींचं काम होतं. त्या दिवसापासून थर्मामीटर भांड्यातून बाहेर येत नाही.

तुमचं ‘उकळता लावा’ लाकडासाठी समजण्यासारखं आहे. लाकडाला काही होत नाही, आणि गरम सरस सांध्यात खोल उतरतो. पण सरसाची ताकदही उकळल्यानं कमी होते, कोलॅजनच्या साखळ्या तुटतात. मी तुकडे रात्रभर गार पाण्यात भिजवते, सकाळी ते फुगून मऊ पडलेले असतात. मग भांडं पाण्याच्या भांड्यात ठेवून साठ अंशांवर विरघळवते, आणि तात बुडवण्याआधी पंचेचाळीसपर्यंत उतरू देते. जुडी आधी कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची, मग सरसात. बोटांनी निपटायची, की वरचा सरस गळेल आणि आतला राहील.

शिंगाच्या पाठीवर आधी करवतीच्या पात्यानं लांबीच्या दिशेनं ओरखडे काढून, राखेच्या निवळीनं धुऊन, पातळ सरसाचे दोन हात दिलेले असतात. जुड्या मधून टोकांकडे लावत जायच्या. विटांचे सांधे जसे एकावर एक येऊ देत नाही, तसंच इथे. टोकांकडे थर पातळ ठेवायचा. तिथे वजन वाढलं तर भुजा, म्हणजे मुठीच्या एका बाजूचा वाकणारा भाग, परत येताना मंद होते आणि बाण सुस्त सुटतो. दोन किंवा तीन थर, प्रत्येकात आठवड्याचं अंतर.

पुढचं मला अजूनही प्रत्येक वेळी नवं वाटतं. तात वाळताना आखडते आणि सरळ शिंगाला उलट्या बाजूला ओढते. तुम्ही हात न लावता धनुष्य स्वतःच पाठीकडे वाकत जातं. माझ्या शेवटच्या धनुष्याची टोकं पाच आठवड्यांत सात सेंटिमीटर पुढे गेली होती. दोरी चढवण्याआधीच तात ताणलेली आहे आणि शिंग दाबलेलं आहे, म्हणजे बाण लावण्याआधीच दोघं कामाला लागलेले आहेत.

किती दिवस लागतात? — तीन वाचक

हाताचं काम पंधरा दिवसांचं. वाळणं किमान दोन महिने, हवा दमट असेल तर चार. किती वाळलं हे बोटानं कळत नाही. दर आठवड्याला धनुष्य वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा भिंतीवर लिहा. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की दोरी चढवा. त्याआधी ओढलंत तर वरचा थर सुकलेला आणि खालचा ओला, आणि ते दोघं एकमेकांपासून सुटतील.

मी मानववंशशास्त्र शिकते. संग्रहालयातल्या इन्युइट (आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या) धनुष्याच्या फोटोत पाठीवर तात चिकटवलेली दिसत नाही, विणलेली दोरी नुसती बांधलेली दिसते. तुमच्या लेखात तर सरस आहे. मग खरं कोणतं? — विद्यार्थिनी

दोन्ही खरी, आणि तुझी नजर चांगली आहे. मागच्या लेखात मी हे दोन प्रवाह एकत्र केले, ती माझी चूक. शिंग कॅरिबूचं सांगितलं आणि पद्धत आर्क्टिकच्या दक्षिणेकडची सांगितली.

रॉकी पर्वतरांगांतले आणि आसपासच्या मैदानातले लोक सरसानं चिकटवायचे. 1805 च्या ऑगस्टमध्ये मेरिवेदर लुइस हा अमेरिकी शोधप्रवासी तिथल्या शोशोनी लोकांत पोचला. त्यानं लिहून ठेवलंय, की त्यांची धनुष्यं साधारण अडीच फुटांची, देवदार-पाइनच्या लाकडाची असतात, काही एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगाच्या एकाच तुकड्याची असतात आणि त्यांच्या पाठीला तात व सरस असतो. रानमेंढ्याच्या शिंगाची त्याहून मोलाची. कॅलिफोर्नियातला, ‘याही’ नावाच्या जमातीचा इशी 1916 मध्ये वारला. त्याला धनुष्य करताना सॅक्स्टन पोप या डॉक्टरानं जवळून पाहिलं. तो जुनिपरच्या लाकडावर हरणाची तात लावायचा. तंतू दातांनी चावून मऊ करायचा आणि सरस सामन माशाच्या कातडीचा करायचा. चावण्याचं मला विशेष वाटतं. तोंडाची ऊब सदतीस अंशांच्या पुढे जात नाही. थर्मामीटर नसताना तात आखडू न देण्याची ती अचूक पद्धत आहे.

आर्क्टिकमध्ये गोष्ट वेगळी. झाडच नाही. वाहून आलेलं लाकूड मिळालं तर मिळालं, आणि ते ठिसूळ. मध्य आर्क्टिकमध्ये कॅरिबूचं शिंग किंवा कस्तुरीबैलाचं शिंग घेऊन धनुष्य तीन तुकड्यांत जोडायचे. फ्रान्झ बोआस हा मानववंशशास्त्रज्ञ 1883-84 मध्ये कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या बॅफिन बेटावर राहिला. त्यानं अशा धनुष्याचं वर्णन केलंय : मधला जाड तुकडा, दोन्ही टोकांना तिरपा कापलेला, त्यावर दोन भुजा रिव्हेटनं ठोकलेल्या आणि सांधे दोरीनं करकचून बांधलेले. एका शिंगात तीन फूट सरळ पट्टी क्वचितच निघते, म्हणून तीन तुकडे. मधला वाकत नाही, तो मुठीचं काम करतो.

आणि पाठीवर दोरीचा पट्टा. तातेची वेणी घालून लांबच लांब दोरी करायची, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हापुन्हा न्यायची आणि मधे भुजेभोवती वेढे देऊन घट्ट बसवायची. मग त्या जुडग्याला पीळ द्यायचा. यासाठी हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या छोट्या चपट्या अवजारांची जोडी असते, दोन्ही टोकांना उलटसुलट बाक असलेली. तू संग्रहालयात गेलीस तर ती मागून बघ, बहुतेक लोक तिच्यावरून पुढे जातात. ती धाग्यांच्या मधे घालून अर्धा फेरा फिरवली की धनुष्य आडवं येतं आणि फेरा अडतो. तेव्हा ती तशीच दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायची आणि पुढचा अर्धा फेरा द्यायचा. टोकांचा बाक त्यासाठीच. शेजारशेजारचे दोन पीळ एकमेकांना बांधले की ते उलगडत नाहीत. जॉन मर्डॉक हा अमेरिकी अभ्यासक 1881 ते 1883 अलास्कातल्या पॉइंट बॅरोला होता. त्यानं वॉशिंग्टनच्या संग्रहालयातली अशी धनुष्यं तपासून या पट्ट्यांच्या बांधणीनुसार त्यांचे प्रकार पाडले.

मी तीन तुकड्यांचं एकच केलंय. त्याला पीळ देताना मला जाणवलं, की हे धनुष्य दुरुस्त करता येतं. दमट हवेत तात सैल पडली, तर दोन फेरे वाढवायचे. फार ताठ झालं, तर कमी करायचे. चिकटवलेल्या धनुष्यात ती सोय नाही. बर्फाच्या घरात दिव्याची ऊब आणि वाफ, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि धनुष्य रोज आत-बाहेर. अशा ठिकाणी ओलाव्यानं सुटणाऱ्या सरसावर जीव टांगायचा नाही, असं त्यांनी ठरवलं असावं, हे माझं मत.

इतकं छोटं धनुष्य मारतं तरी किती लांब? — दोन वाचक

लांब मारायला ते केलेलंच नाही. कॅरिबूच्या वाटेवर दगडांचे माणसासारखे ढीग, इनुक्सुक, रांगेनं उभे करायचे, कळप त्या दिशेनं वळवायचा, आणि तिरंदाज आडोशाला बसायचे. जनावर जवळ आल्यावरच बाण सुटायचा. मध्य आर्क्टिकमधल्या कॉपर इन्युइट लोकांत हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत माणसांच्या हातात होतं. मी माझं पंधरा मीटरवर वापरते, गवताच्या पेंढीवर.

तुम्ही जनावरांच्या अवयवांची भलामण करता. फायबरग्लास सहज मिळतं, मजबूत असतं, कुणाचा जीव जात नाही. आजच्या काळात याचं समर्थन कसं करता? — एक वाचक

तुमचं पत्र कडक आहे आणि ते छापावं असं मीच संपादकांना सांगितलं.

मी वापरते ती शिंगं पाळीव रेनडिअरच्या कळपातली, आपोआप गळलेली, पावतीसकट. रेनडिअर आणि कॅरिबू एकाच जातीचे. हरणांत फक्त यांच्यातच मादीलाही शिंगं असतात. मोठे नर हिवाळ्याच्या तोंडाशी गाळतात, गाभण माद्या विण्याच्या सुमारास. तात खाटकाकडची, एरवी फेकली जाते ती. माझ्या धनुष्यासाठी कुणी मारलं गेलेलं नाही, आणि तसं व्हायची वेळ आली तर मी काम थांबवीन.

दुसरं, आणि हे सगळ्यांसाठी : रानातलं शिंग उचलू नका. गळून पडलेलं असलं, कुणाचं नसलं, तरी. भारतासह अनेक देशांत हरणाचं शिंग बाळगणं किंवा विकणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. ‘सापडलं’ हे उत्तर चालत नाही. आजोबांच्या काळचं घरात असेल तर त्याला करवत लावण्याआधी वनखात्याला विचारा. शिवाय गळलेलं शिंग रानात वाया जात नाही. उंदीर, साळिंदर ते कुरतडतात, त्यातलं कॅल्शियम त्यांना लागतं.

फायबरग्लास मजबूत आहे, मी नाकारत नाही. शिकायला ते घ्या, मी स्वतः त्यावरच नेम शिकले. पण ज्या माणसांजवळ झाड नव्हतं, लोखंड नव्हतं, त्यांनी एका जनावराच्या डोक्यातून आणि पायातून धनुष्य काढलं, हे ज्ञान हातातून हातात गेलं नाही तर नुसत्या काचेच्या कपाटात उरेल. कपाटातल्या धनुष्याकडे बघून सरस किती गरम होता हे कळत नाही. ते कळायला कुणीतरी चार जुड्या वाया घालवाव्या लागतात.

ताई, तुमचा लेख वाचून मी केलं. शिंग कायदेशीर मार्गानं आणलेलं, पावती आहे. तात लावली, अडीच महिने थांबलो. सातव्या बाणाला खालची भुजा मुठीपासून चार बोटांवर मोडली आणि तात एका बाजूनं पूर्ण उचलून आली. फोटो पाठवतोय. रात्री झोप लागली नाही. — एक तरुण वाचक

दादा, सगळ्यात आधी : डोळ्याला, हाताला लागलं नाही ना? पुढच्या वेळी ओढताना चष्मा घाल. शिंगाचा तुकडा धारदार असतो.

फोटो मी भिंगाखाली पाहिले. दोन गोष्टी झाल्या आहेत आणि दोन्ही माझ्या हातूनही झालेल्या आहेत.

मोडलेल्या जागेचा आडवा काप बघ. बाहेरचा थर गुळगुळीत, हस्तिदंतासारखा. आतला भाग पावासारखा सच्छिद्र. शिंगाच्या मधोमध हा भुसभुशीत गाभा असतो आणि तो दाब सोसत नाही. तुझ्या पोटाच्या बाजूला त्याचा दोन मिलिमीटरचा थर राहिला आहे. जाडी भरून दिसावी म्हणून तू तो ठेवलास, मला समजतं, कारण घट्ट भाग फारच पातळ वाटतो. पण तो ठेवायचा नाही. काचेच्या तुटक्या कडेनं खरवडत जा, ओल्या बोटानं पुसून बघ. जिथे पाणी आत शोषलं जातं तिथे अजून गाभा आहे. जिथे पाणी वर थेंबासारखं राहतं तिथे थांब. जाडी कमी पडली तर पट्टी रुंद ठेव, धनुष्य हलकं होईल, पण टिकेल.

दुसरं, तातेची खालची बाजू बघ. ती चकचकीत आहे आणि तिच्यावर ओरखड्यांचे ठसे नाहीत. म्हणजे सरस शिंगाला धरलाच नव्हता. तात निव्वळ आपल्या ताणावर बसून होती. शिंग नवं असलं तर त्यात चरबी असते, हाताच्या बोटांचीही लागते. राखेच्या निवळीनं दोनदा धू आणि त्यानंतर पाठीला बोट लावू नको, मुठीला कापड गुंडाळून धर. ओरखडे नखाला जाणवतील इतके खोल हवेत.

आणखी एक मी अंदाजानं सांगते. वरची भुजा शाबूत आहे आणि खालची मोडली. दोन्ही सारख्या वाकत होत्या का? भिंतीवर चौकटी आखून, मूठ खुंटीवर टेकवून, दोरीला हळूहळू वजन टांगत बघितलं होतंस का? पट्टीची जाडी अर्धी झाली तर तिचा ताठपणा निम्मा नाही होत, आठव्या हिश्शावर येतो. म्हणून कानशीचे दोन हात जास्त पडले तरी सगळं वाकणं त्या एका जागी गोळा होतं. टोकापासून मुठीपर्यंत वाक सारखा वाहत जायला हवा. एका जागी कोपर दिसलं, की तिथे हात लावायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना खरवडायचं. हे तात लावण्याआधी एकदा आणि वाळल्यावर पुन्हा एकदा.

वरची भुजा टाकू नको. ती मुठीजवळ तिरपी काप, त्याच रुंदीची दुसरी पट्टी मिळव आणि मधे जाड तुकडा घालून तीन तुकड्यांचं कर, वर त्या विद्यार्थिनीला सांगितलं तसं. तात कोमट पाण्यात रात्रभर ठेवलीस तर सरस सुटेल आणि तंतू परत मिळतील. ते धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येतात. मी दुसऱ्या धनुष्यातली तात चौथ्यात वापरली आहे. पाणी चाळीस अंशांच्या वर जाऊ देऊ नको. आणि जोडल्यावर पहिले दोन आठवडे पूर्ण ओढू नको, निम्म्यावर सोड, तेही बाण लावूनच. रिकामी दोरी सोडलीस तर सगळा झटका भुजांनाच खावा लागतो.

नव्या पट्टीचा आडवा काप घेतलास की फोटो पाठव. तात लावण्याआधी.